आल्फाची बाराखडी : मिलान-व्हेनिसचे सहा दिवस

दिवस पहिला, २५ फेब्रुवारी : मिलान

निघताना अण्णांनी एकच काम सांगितलं होतं. "त्यांच्या मात्रा अक्षराला जोडून ओतलेल्या होत्या की वेगळ्या, तेवढं बघून ये."

अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याच्या एका छापखान्यात त्यांनी ३८ वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. आता वय ८६. डोळ्यांना कमी दिसतं, पण जुन्या पुस्तकाचं पान हातात दिलं की आधी ते पान उलटं करून मागच्या बाजूनं बोट फिरवतात आणि दाब किती होता ते सांगतात. ग्रीक व्याकरणाची पहिलीवहिली छापील पुस्तकं बघायला इटलीला जाणार म्हटल्यावर घरातल्या बाकीच्यांनी विचारलं, त्यात बघायचं काय? अण्णांनी तसं विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की ग्रीकला काना-मात्रा असतात का. मी म्हटलं, असतात, आणि बऱ्याच असतात. मग त्यांनी हे काम दिलं.

मी २९ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर ग्रीक शिकायला घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात द्विवचन भेटलं. 'रामः रामौ रामाः' घोकून घेण्यात ज्याची हयात गेली त्याला दुसऱ्या खंडातल्या भाषेत द्विवचन भेटल्यावर काय वाटतं, हे त्यालाच कळेल. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात होता: युरोपातल्या लोकांनी ही भाषा पुन्हा शिकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या हातात कुठलं पुस्तक होतं?

उत्तर मिलानमध्ये सुरू होतं. ३० जानेवारी १४७६ ला या शहरात दिओनिजी पाराविचिनो नावाच्या मुद्रकानं सत्तरेक पानांचं एक पुस्तक छापून पुरं केलं. संपूर्ण ग्रीकमध्ये छापलेलं आणि तारीख घातलेलं हे पहिलं पुस्तक. होमर नाही, प्लेटो नाही, बायबलही नाही. ते होतं कॉन्स्टंटाइन लास्कारिसचं व्याकरण, 'शब्दांच्या आठ जातींचा संक्षेप'. होमर छापून व्हायला १४८८ साल उजाडलं, तेही फ्लॉरेन्समध्ये.

यात नवल नाही. होमर छापला असता तर वाचला कुणी असता? त्याआधीच्या लॅटिन पुस्तकांत ग्रीक उतारा आला की मुद्रक तिथे बरेचदा कोरी जागा सोडून देत. ज्याला येत असेल त्यानं तो मजकूर हातानं भरावा. वाचणारे आधी तयार करायला हवेत, तर आधी व्याकरण हवं. आपल्याकडेही थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण गोव्यात रायतूरला १६४० मध्ये छापलं गेलं, ते याच गरजेपोटी. भाषेत नव्यानं येणाऱ्याला उंबरठा लागतो.

भाची मिलानमध्ये नोकरी करते. तिच्या घरी सामान टाकलं आणि उजेड असेतो आम्ही स्फोर्झा घराण्याच्या किल्ल्यावर गेलो. लाल विटांचा, जाडजूड बुरुजांचा. १४५० नंतर मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झानं तो नव्यानं बांधून घेतला. १४५३ मध्ये ग्रीकांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडली तेव्हा लास्कारिस १९ वर्षांचा होता. तो कैद झाला, सुटला, आणि फिरत फिरत मिलानला येऊन ग्रीक शिकवू लागला. त्याच्या शिष्यांत खुद्द ड्यूकची मुलगी होती, इप्पोलिता. ही मुलगी १४ व्या वर्षी मांतुआत पोपसमोर लॅटिनमध्ये भाषण करून आली होती. तिच्यासाठी तयार केलेली ग्रीक व्याकरणाची हस्तलिखित वही आज पॅरिसला आहे.

चौकात उभी राहून भाचीला हे सांगत होते. ती म्हणाली, "म्हणजे मावशी, शिकवणी होती ही. घरी येऊन शिकवणारे सर."

अगदी तेच. निर्वासित होऊन आलेले, घरोघरी शिकवणारे सर. ग्रीकचं पहिलं पुस्तक त्यांच्या शिकवणीच्या टिपणांतून आलं.

दिवस दुसरा, २६ फेब्रुवारी : मिलान

सकाळ वाया गेली. जुनी पुस्तकं बघण्यासाठी एका ग्रंथालयाकडून महिनाभर आधी होकार आला होता. दारात गेल्यावर कळलं की दुर्मिळ पुस्तकांची खोली आठवडाभर बंद आहे. खिडकीतल्या बाईंना माझं इंग्रजी कळेना, मला त्यांचं इटालियन. भाची ऑफिसात होती. दहा मिनिटांनी मी छत्री उघडून बाहेर पडले. इतक्या लांब येऊन १४७६ चं पुस्तक दिसणार नाही हे गिळायला थोडा वेळ लागला.

पण पिशवीत त्या पुस्तकाच्या पानांची छापील चित्रं होती. ती घेऊन मी पावसातून सांता मारिया देल्ला पास्सिओने या चर्चमध्ये गेले. शेजारी संगीत महाविद्यालय आहे. कुठल्याशा खिडकीतून कुणी व्हायोलिनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, चुकत होतं आणि परत पहिल्यापासून घेत होतं. आत अंधार आणि मेणाचा वास. इथे देमेत्रिओस खाल्कोंदिलिस पुरलेला आहे. मूळचा अथेन्सचा. पाडुआ, फ्लॉरेन्स आणि शेवटी मिलान, अशी आयुष्यभर त्यानं ग्रीकच शिकवली. फ्लॉरेन्सचा तो छापील होमर त्यानंच संपादित केला, आणि पुढे १४९३ च्या सुमारास मिलानमध्ये स्वतःचं व्याकरणही छापलं. १५११ मध्ये तो वारला. स्मृतिशिला बसवली त्याच्या एका विद्यार्थ्यानं, जानजोर्जो त्रिस्सिनोनं. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही शिला 'अत्युत्तम आणि परमपवित्र गुरूसाठी' आहे. मी चप्पल काढली नाही, तिथे तशी रीत नाही. पण हात आपसूक जोडले गेले.

मग बाकावर बसून पानं काढली.

लास्कारिसचं पहिलं वाक्य असं सुरू होतं: ग्राम्मा एस्ती मेरोस एलाखिस्तोन फोनीस... अक्षर म्हणजे वाणीचा लहानात लहान, आणखी फोडता न येणारा भाग. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपणही अक्षर म्हणतो तेव्हा 'जे क्षरत नाही ते' असंच सांगतो. फोडता न येणारं आणि न झिजणारं. वाट वेगळी, पण दोघांनाही अक्षरात काहीतरी अभंग दिसलं. पुढचं वाक्य लगेच स्वर आणि व्यंजनांकडे वळतं. पाल्हाळ नाही. हा माणूस वर्गात उभा राहिलेला आहे, हे त्या दोन वाक्यांतच कळतं.

आणि त्या आठ जाती: नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण, उभयान्वयी. ही मोजणी लास्कारिसची नाही. दिओनिसिओस थ्राक्सच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणातून ती चालत आलेली आहे, ख्रिस्तपूर्व काळापासूनची. रोमन वैयाकरणांनी ती लॅटिनसाठी उचलली. लॅटिनला उपपद नाही, म्हणून एक जागा रिकामी राहिली. तिथे त्यांनी उद्गार बसवले आणि आठाचा आकडा राखला. तिथून ही पद्धत युरोपभर पसरली, इंग्रजीत गेली. इंग्रजांच्या शाळांबरोबर आपल्याकडे मराठी व्याकरण त्याच वळणानं लिहिलं जाऊ लागलं, तेव्हा ती मराठीत उतरली. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. वाटेत विशेषण वेगळं झालं, धातुसाधित गळालं, पण आठ ते आठच.

मी स्वतः पाचवीच्या वर्गात, संस्कृतचे तास नसत तेव्हा, फळ्यावर लिहिलेलं आहे: शब्दांच्या जाती आठ. मुलं एका सुरात म्हणायची, आणि शेवटी 'केवलप्रयोगी अव्यय' आलं की "अरेरे! शाबास! अहाहा!" असं ओरडायची. ती आठवी जागा रोमनांनी भरली आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाणिनीच्या व्याकरणात असे आठ कप्पे नाहीत, यास्कानं चार सांगितले. मग हे आठ कुठून आले, असं एकाही विद्यार्थ्यानं मला कधी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. उत्तर या पानांवर होतं.

या पुस्तकाचे खिळे क्रीटच्या देमेत्रिओस दामिलासनं घडवले. प्रस्तावनाही त्याचीच आहे. अक्षरं सुटी सुटी, गोल, उभी. अण्णांच्या भाषेत 'मोकळी जुळवणी'. चित्रावरून मात्रांचा निकाल लागेना. छायाचित्रात खोली कळत नाही.

दिवस तिसरा, २७ फेब्रुवारी : मिलान ते व्हेनिस

सकाळपासून फोन किणकिणत होता. मराठी भाषा गौरव दिन. शाळेच्या गटात एकामागून एक शुभेच्छा. मी गाडीत खिडकीशी बसले होते आणि ब्रेशिया, व्हेरोना मागे पडत होती. व्हिचेन्झा स्थानकात गाडी थोडा वेळ थांबली. इथेही १४८९ मध्ये लास्कारिसचं व्याकरण पुन्हा छापलं गेलं. मग पाडुआ, जिथे खाल्कोंदिलिस १४६३ पासून ग्रीक शिकवत होता. माझ्या नकाशावर या स्थानकांना व्याकरणकारांचीच नावं होती. अडीच तासांत गाडी समुद्रावरच्या पुलावर आली.

व्हेनिसबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय. मी सामान ठेवलं आणि थेट सान्त-आगोस्तीन हा चौक शोधायला निघाले. ग्रीक पुस्तकं छापणाऱ्या अल्दो मानुत्सिओचं घर तिथे होतं. फ्रारीच्या मोठ्या चर्चपासून चालत पाच-सात मिनिटं, पण मला पाऊण तास लागला. गल्ली पुढे जाऊन पाण्यात संपायची, की पुन्हा मागे. ज्या चर्चवरून चौकाला नाव पडलं ते १८७३ मध्ये पाडलं. जवळच 'रिओ तेरा सेकोन्दो' नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे एका जुन्या घराच्या भिंतीवर दोन शिळा दिसल्या.

एक लॅटिनमध्ये: विद्वानांत कुणालाच अपरिचित नसलेलं मानुत्सिओ घराणं या जागी मुद्रणकलेत नावारूपाला आलं. दुसरी इटालियनमध्ये, जास्त मनापासून लिहिलेली. अल्दो मानुत्सिओच्या या घरात त्याची विद्वत्सभा भरत असे आणि ग्रीक विद्येचा प्रकाश इथूनच पुन्हा सुसंस्कृत जगावर पडला, असं ती सांगते. ती बसवणाऱ्याचं नाव वाचून मला भरून आलं. कुणी ड्यूक नाही, बँक नाही. पाडुआ विद्यापीठाच्या १८७६-७७ सालच्या ग्रीकच्या वर्गानं ती बसवली आहे, पुढच्यांना ही जागा कळावी म्हणून. म्हणजे त्या वर्षी जी मुलं 'तिप्तो, तिप्तिस, तिप्ती' घोकत होती त्यांनी.

अल्दो आधी शिक्षकच होता. चाळिशीच्या आसपास व्हेनिसला आला आणि छापखाना काढला. त्याच्या भोवतीच्या मंडळींनी पुढे एक नियम केला: सभेत ग्रीकशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही, बोलला तर दंड. दंडाची रक्कम साठली की त्यातून जेवण. नियमावलीसुद्धा ग्रीकमध्ये छापलेली.

घराच्या खालच्या मजल्यावर दुकानाचं शटर ओढलेलं होतं. आसपास कुणी नव्हतं. कुणाच्या तरी खिडकीतून कांदा परतल्याचा वास येत होता. फोन पुन्हा वाजला. 'माझा मराठीची बोलू कौतुके.' मी त्या शिळेचा फोटो काढला आणि शाळेच्या गटावर टाकला, सोबत दोन ओळी लिहून.

दिवस चौथा, २८ फेब्रुवारी : व्हेनिस

ही तारीख मी मुद्दाम साधली होती. मार्चाना ग्रंथालयाची वाचनाची जागा आज जुन्या टांकसाळीच्या इमारतीत आहे. सान्सोव्हिनोनं बांधलेली, सान मार्कोच्या चौकातून पाण्याकडे जाताना उजव्या हाताला. या ग्रंथालयाचा पाया एका ग्रीक माणसानं घातला. कार्डिनल बेसारिऑननं १४६८ मध्ये आपला संग्रह व्हेनिसला दिला. ७४६ पोथ्या, त्यातल्या ४८२ ग्रीक. आपलं शहर पडल्यावर आपल्या लोकांना त्यांची पुस्तकं कुठेतरी एकत्र सापडावीत, ही त्याची तळमळ होती.

पिशवी कपाटात, पेन कपाटात. आत फक्त पेन्सिल आणि वही. स्पंजच्या उशीवर त्यांनी पुस्तक ठेवलं.

अल्दोच्या छापखान्याचं तारीख घातलेलं पहिलं पुस्तक. परत लास्कारिसचंच व्याकरण! पण या वेळी खुद्द लेखकानं सुधारलेलं. लास्कारिस १४६६ पासून सिसिलीत मेस्सिनाला जाऊन राहिला होता. १४९२ मध्ये २२ वर्षांचा पिएत्रो बेम्बो आणि त्याचा मित्र आंजेलो गाब्रिएल त्याच्याकडे शिकायला गेले. दोन वर्षांनी परतताना त्यांनी व्याकरणाची प्रत आणली, तिच्यात म्हाताऱ्या गुरूनं स्वतःच्या हातानं दुरुस्त्या केलेल्या. ती त्यांनी अल्दोला दिली. मिलानमध्ये पुस्तक छापलं तेव्हा लेखक तिथे नव्हता. त्याच्या दुरुस्त्यांना छापखान्यापर्यंत यायला १९ वर्षं लागली.

मुख्य भागाच्या शेवटी तारीख आहे २८ फेब्रुवारी १४९४. मागच्या जोडभागाला आहे ८ मार्च १४९५. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की मध्ये वर्ष गेलं. गेले फक्त आठ दिवस. व्हेनिसचं वर्ष १ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांचा १४९४ चा फेब्रुवारी आपल्या हिशेबानं १४९५ चा. गुढीपाडव्याला शके बदलायचा आणि गुजराती व्यापाऱ्याच्या वहीत दिवाळीनंतर संवत बदलायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही.

पान उघडलं. डावीकडे ग्रीक, उजवीकडे लॅटिन, समोरासमोर. ही खरी शिक्षकाची बुद्धी. दामिलासच्या पुस्तकातला मजकूर सगळा ग्रीकमध्ये, म्हणजे ग्रीक शिकण्यासाठी आधी ग्रीक यायला हवी. शेजारी सर बसलेले असतील तरच ते चालतं. इथे ज्याला सर मिळाले नाहीत तोही डोळा डावीकडून उजवीकडे नेत नेत शिकू शकतो. प्रस्तावनेत अल्दो सांगतो की निवांत आयुष्य जगता आलं असतं, पण लोकांच्या उपयोगी पडण्यासाठी कष्टाचं निवडलं. पुस्तकाची रचना बघितल्यावर हे वाक्य खरं वाटतं.

जोडभागात तर मी तासभर रमले. ग्रीक वर्णमाला, उच्चार, आणि मग वाचनपाठ म्हणून येशूनं शिकवलेली प्रार्थना, मेरीची प्रार्थना, योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात. हे का? तर मुलांना ते लॅटिनमध्ये तोंडपाठ होतं. अर्थ माहीत, शब्द माहीत, फक्त लिपी आणि भाषा नवी. ज्याला 'मनाचे श्लोक' पाठ आहेत त्याला तेच मोडीत दाखवले तर तो मोडी किती लवकर वाचायला लागेल! तीच युक्ती.

आणि मग जोडाक्षरांचा तक्ता. फ्रांचेस्को ग्रिफोनं हे खिळे कोरताना सुट्या अक्षरांचा नमुना घेतला नाही. त्या काळातल्या एका ग्रीक लेखनिकाचं घाईचं, एकात एक गुंतलेलं हस्ताक्षर घेतलं. त्यामुळे दोन-तीन अक्षरं मिळून एक वेगळीच आकृती होते. 'काई' म्हणजे 'आणि', त्याचा एक फराटा. 'स्त'चं एकच चिन्ह. आणि ओमिक्रॉनवर इप्सिलॉन चढवून केलेला 'ऊ'. तो मी पाहिला आणि भिंग खाली ठेवलं. हुबेहूब आपला ४! वरून दोन हात उघडे, खाली गाठ. ओळीओळीत चार, चार, चार. 'क्ष'मध्ये क दिसत नाही, 'ज्ञ'मध्ये ज दिसत नाही, तरी पहिलीतलं मूल ते वाचतं. तसंच इथे. पुढची अडीचशे वर्षं युरोपातल्या मुलांनी ग्रीक शिकताना हे गुंतवळे पाठ केले. दामिलासची मोकळी अक्षरं वाचायला सोपी होती. पण चाल पडली अल्दोची, कारण त्याची पुस्तकं जास्त आली, एकामागून एक आली, आणि हातानं लिहिणाऱ्यांना ती ओळखीची वाटली. मला स्वतःला दामिलासची अक्षरं जास्त आवडतात. हे मी त्या तक्त्यासमोर बसूनही म्हणेन.

अल्दो एका व्याकरणावर थांबला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला थिओदोर गाझाचं व्याकरण काढलं. मग बेल्लुनोच्या उर्बानो नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचं, लॅटिनमध्ये समजावून सांगणारं. ते इतकं खपलं की थोड्याच काळात डच विद्वान एरास्मस तक्रार करू लागला, एकही प्रत मिळत नाही म्हणून. हा तोच एरास्मस, ज्यानं लिहून ठेवलं की पैसे हातात आले की आधी ग्रीक ग्रंथ घेईन, मग कपडे. पुढे १५११ मध्ये केंब्रिजला ग्रीक शिकवताना त्यानं आधी ख्रिसोलोरास घेतला आणि नंतर गाझा.

ख्रिसोलोरासचं राहिलंच. १३९७ मध्ये फ्लॉरेन्सनं कॉन्स्टँटिनोपलहून बोलावून घेतलेला पहिला मोठा गुरू. त्याचं व्याकरण प्रश्नोत्तरांचं, म्हणून नावच 'एरोतीमाता', प्रश्न. जुन्या वैयाकरणांनी नामांचे ५६ गण केले होते, त्यानं ते दहावर आणले. मुलांचे किती श्रम वाचले असतील! मी शब्दरूपावलीची पानं आठवली.

पाच वाजता पुस्तक परत केलं. या इमारतीत एके काळी नाणी पाडत. पोलादावर उलटं कोरायचं, मऊ धातूत ठोकायचं. खिळ्याचा ठसा करण्याचं कामही तेच.

दिवस पाचवा, १ मार्च : व्हेनिस

आज १४९५ लागलं, असं सकाळी उठल्यावर मनात आलं.

सान जोर्जो देई ग्रेची हे ग्रीक लोकांचं चर्च कालव्याकाठी आहे, शेजारी झुकलेला मनोरा. १४९८ मध्ये इथल्या ग्रीकांना आपलं मंडळ स्थापायची परवानगी मिळाली. चर्चचं बांधकाम १५३९ मध्ये सुरू झालं आणि १५७३ मध्ये पुरं झालं. आत सोनेरी मूर्तिपट आणि समया. धुपाचा वास आपल्या देवळासारखाच. एक म्हातारे गृहस्थ मेणबत्त्या सरळ करत होते. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

अल्दोच्या छापखान्याचं कौतुक करताना या मंडळींकडे दुर्लक्ष होतं, म्हणून इथे यायचं होतं. ८ जुलै १४९९ ला व्हेनिसमध्ये झाखारियास कालिएर्गिसनं एक थोरला ग्रीक शब्दव्युत्पत्तिकोश छापला. पैसा निकोलाओस व्लास्तोसचा. पाठबळ आन्ना नोतारा या बाईंचं. त्यांचे वडील बायझंटाइन साम्राज्याच्या आरमाराचे शेवटचे सेनापती, शहर पडल्यावर सुलतानानं त्यांना मारलं. बाई व्हेनिसला आल्या आणि त्यांच्या आश्रयानं मोठा ग्रीक कोश छापून निघाला.

त्या कोशाच्या सुरुवातीला मार्कोस मुसुरोसची कविता आहे. मी ती वहीत उतरवून आणली होती, चर्चच्या अंगणात बसून पुन्हा वाचली. तो सांगतो: ज्यानं कोरलं तो क्रीटचा. ज्यानं तांब्याचे साचे ओवले तो क्रीटचा. ज्यानं एकेक टोचून बसवलं तो क्रीटचा. शिसं ओतणारा क्रीटचा. पैसे घालणाराही क्रीटचा, आणि हे गाणारा मीही क्रीटचा. ओतणाऱ्यासाठी तिथे एक शब्द आहे, 'मोलिव्दोखितिस'. पुस्तकाच्या पहिल्या पानाजवळ, लेखकाच्या आणि संपादकाच्या आधी, कामगार मोजलेले. असं पान मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुपारी पाऊस. खोलीवर बसून वही नीट केली आणि एक हिशेब मांडला. ग्रीक स्वरावर तीन प्रकारचे आघात येतात: चढता, उतरता, वळसा घेणारा. शब्दाच्या सुरुवातीला दोन प्रकारचे श्वास: 'ह'कार असलेला आणि नसलेला. आता आल्फा घ्या. नुसता आल्फा एक. तीन आघातांचे तीन. दोन श्वासांचे दोन. प्रत्येक श्वासाबरोबर प्रत्येक आघात, असे सहा. एक, तीन, दोन, सहा. बेरीज बारा.

बारा! आल्फाची बाराखडी. त्यातले काही क्वचित लागतात, पण केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, खाना ठेवावाच लागतो. खाली छोटा इओता जोडायचा झाला तर हेच सगळे परत, म्हणजे चोवीस. हे एका अक्षराचं.

दिवस सहावा, २ मार्च : व्हेनिस

परतीचं विमान रात्रीचं होतं. सकाळी दार उघडताच मी पुन्हा टांकसाळीत. काल रात्री अण्णांशी बोलणं झालं होतं. ते म्हणाले, "एक पान घे. एकाच अक्षरावरची एकच मात्रा दहा ठिकाणी बघ. जोडून ओतली असेल तर दहाही जागी तंतोतंत तिथेच बसणार. वेगळी असेल तर हलणार."

तेच केलं. तेच पुस्तक, डावं पान, चढत्या आघाताचा आल्फा. पहिला बरोबर डोक्यावर. दुसरा जरा उजवीकडे. तिसरा पुन्हा डोक्यावर, पण किंचित वर. चौथ्याला आघात पुढच्या अक्षराच्या अंगावर कललेला. भिंगाखाली मी पेन्सिलीनं वहीत दहा छोटे आल्फा काढले, प्रत्येकावर आघात जिथे दिसला तिथे. दहाव्यापर्यंत माझी खात्री झाली होती. तरी अकरावा आणि बारावा काढला.

मग परवानगी घेऊन पान उलटलं आणि मागच्या बाजूनं, स्पर्श न करता, तिरप्या उजेडात बघितलं. अक्षरांचा दाब दिसत होता. ५०० वर्षांनी कागदावर बारीक उठाव.

बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं. पाण्यापलीकडे सान जोर्जोचं बेट. धक्क्यावरच्या दगडी बाकावर बसून व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात दुपार झाली होती. अण्णा खुर्चीत होते, मागे कॅलेंडर. मी वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"वेगळ्या," ते म्हणाले. "डिग्री टाइप. आपला होता तसा. अखंड नाही." मग थोडं थांबून, "किती खाने म्हणालीस एका अक्षराला?"

"अखंड केलं असतं तर बारा. चोवीस धरा."

"मग बरोबर आहे. कंपोझिटर किती चालणार एका ओळीला! म्हणून वेगळ्या केल्या." ते उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होते, जुळवणीच्या स्टिकमध्ये खिळा सरकवताना घासायचे तशी. "पण मग ते टोक खिळ्याच्या बाहेर येतं. फर्मा आवळला की तिथंच मोडतं. बघ परत एकदा, कुठेतरी मात्रा गळालेली असणार."

मी घड्याळ बघितलं. विमानतळावर जायला अजून चार तास होते. फोन बंद केला आणि परत आत गेले.